ॲडमिन डोमिटिला

४ सप्टेंबर

आजपासून ही वही. मी प्रोजेस्टस इशेंगोमा, तळ्याकाठच्या बुकोबा शहराच्या पोस्टातून निवृत्त झालेला, आमच्या टेकडीवरच्या चर्चच्या कॉयरचा सेक्रेटरी. हे कुणासाठी लिहितोय ठाऊक नाही, पण पाठवणाऱ्याचं नाव आधी लिहायची पोस्टातली सवय सुटत नाही.

लिहायचं कारण एवढंच की घरात बोलायला कुणी नाही, आणि ग्रुपवर मनातलं लिहायचं नसतं. ग्रुप म्हणजे कॉयरचा, किबाराझा, म्हणजे ओटा, नावाच्या ॲपवरचा. तो माझ्या बायकोनं, डोमिटिलानं काढला. वरच्या आवाजात गाणाऱ्या बायकांची ती प्रमुख होती. तिला जाऊन दोन वर्षं होत आली. ज्यानं ग्रुप काढला तोच कायमचा ॲडमिन, ते पद दुसऱ्याला देता येत नाही, असा किबाराझाचा नियम आहे. म्हणून ग्रुपसाठी मी तिचाच फोन आणि तिचंच खातं वापरतो. माझा बटणांचा फोन बोलण्यापुरता आहे.

ईस्टरच्या सुमारास मी ग्रुपला कुलूप लावलं. आता फक्त ॲडमिननं लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. दुसरा इलाजच नव्हता. कुणी बोकडाचे फोटो टाकायचा, कुणी दातदुखीवर पाला सुचवायचा, आणि सरावाची वेळ त्या पाल्याखाली गाडली जायची. आता चकार शब्द नाही.

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. परवा मी लिहिलं होतं, सराव चार वाजता. मी चारला जाऊन बाकावर बसलो. पाचला सगळे एकदम आले, आणि सगळ्यांच्या गळ्यात हिरवे रुमाल. रुमालांबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं. इतकी माणसं एकमेकांशी न बोलता एकाच वेळी, एकाच रंगात येतात, ही खरी एकजूट. मला भरून आलं. माझ्यासाठी रुमाल उरला नव्हता, ते असो.

८ सप्टेंबर

चर्चमधल्या मिस्सानंतर आमचे कॉयरमास्तर ऑडॅक्स यांनी मला फणसाच्या झाडाखाली गाठलं. बरोबर माझी पुतणी केमिलेंबे, शाळेत गणित शिकवते, आणि गौडेन्सिया, डोमिटिलाची जिवाभावाची मैत्रीण. हल्ली बायकांची प्रमुख तीच आहे. तिघांचे चेहरे पाहून मला वाटलं कुणीतरी आजारी आहे.

"साहेब, नोव्हेंबरात संत सेसिलियाचा सण आहे," मास्तर म्हणाले. "कॉयरची स्पर्धा. आपण किबाराझा सोडू या का?"

"का म्हणून?"

"नव्या मुलांच्या फोनवर ते चालत नाही. दुसऱ्या चर्चच्या लोकांना त्यावरून काही पाठवता येत नाही. मी स्वतःच बसवलेलं गाणं मला बाहेर काढता येत नाही. गाणं माझं, आणि परवानगी त्यांची!"

"म्हणूनच ते सुरक्षित आहे," मी म्हणालो. "आपल्या ग्रुपातला एक स्वर बाहेर जात नाही. पाचर बसावी तसं पक्कं."

गौडेन्सियाला उगीचच खोकला आला.

"भाऊजी, दुसरंही एक आहे," ती म्हणाली. "रागावू नका. सकाळी चुलीवर केळी शिजत असतात, फोन वाजतो, बघते तर डोमिटिलाचा हसरा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'उशिरा येणाऱ्यांची गय केली जाणार नाही.' माझ्या हातातलं पातेलं दोनदा पडलंय."

"ती असती तरी हेच म्हणाली असती."

मग केमिलेंबे म्हणाली, "काका, फोटो तरी बदला."

बदलता येत नाही, असं मी सांगितलं. येतो बहुतेक. मी प्रयत्न केलेला नाही.

मग पोरीनं मलाच धडा दिला. "तुम्ही पोस्टात होतात ना? कंपालाहून पत्र आलं तर तुम्ही विचारायचात का, की बाबा, तिकीट आमचं का नाही लावलं? पेटी आमच्याकडून का नाही घेतली?"

"पत्राची गोष्ट वेगळी."

"हो ना, तेच म्हणतेय मी. किबाराझा म्हणजे असं पोस्ट, की तिथल्या पेटीत टाकलेलं पत्र त्यांच्याच ओट्यावर बसून वाचायचं. घरी न्यायचं नाही. ओटा बंद झाला की पत्रही गेलं."

मी म्हणालो, विचार करतो. विचार केला. नाही म्हणजे नाही.

८ सप्टेंबर, संध्याकाळी

नाही का, ते वहीत लिहायला हरकत नाही. ग्रुपात मागं मागं गेलं की डोमिटिलाचे व्हॉइस मेसेज आहेत. दर गाण्याची वरची चाल ती म्हणून पाठवायची. संध्याकाळी कॉफीच्या बिया आत घेतल्या की मी त्यातलं एक लावतो.

माझं आवडतं म्हणजे मास्तरांचं आभाराचं गाणं. ते तिनं अंगणात बसून म्हटलं होतं, आमच्या बिया चटईवर वाळत होत्या. 'तुझे उपकार मोजता मोजता' इथपर्यंत ती येते आणि आमची तपकिरी कोंबडी चटईवर चढते. मग दोन टाळ्या, आणि 'हुऽश! हो तिकडं, मेले!' आणि लगेच, श्वासही न घेता, 'दिवस माझा मावळला'. सूर तसूभर हललेला नाही. दुसऱ्यांदा म्हणून पाठव असं मी तेव्हा म्हणालो होतो. ती म्हणाली, "कोंबडीचं तेवढं सोडून द्यायला त्यांना अक्कल आहे."

केमिलेंबे म्हणते, ही सगळी गाणी ऐकून डो-रे-मीत उतरवून ठेवते. मी कशाला हो म्हणू? कागदाला वाळवी लागते. किबाराझाच्या ऑफिसात कोट घातलेली माणसं पहारा देत बसलेली आहेत.

२१ सप्टेंबर

अनर्थ झाला.

सकाळी तिच्या फोनवर पाटी आली, 'नवे किबाराझा! अधिक जवळ, अधिक आपले!' खाली एकच बटण. मी दाबलं. दुसरं बटण असतं तर ते दाबलं असतं. मग म्हणे, तुमच्या नंबरवर सांकेतिक आकडा पाठवला आहे, तो लिहा. मी वाट पाहिली. आकडा आला नाही. तिच्या सिमवर गेली दोन वर्षं कुणी बोललेलंच नाही, फोन मी घरच्या वायफायवर चालवत होतो. सिम कंपनीनं तो नंबर कधीच काढून घेतला होता.

आता दार बंद. आत ती, बाहेर मी.

गौडेन्सियाकडे धावत गेलो. म्हटलं, तुझ्या फोनात तरी जुनं सगळं असेल. तिच्या फोनात किबाराझाच नव्हतं. "जागा कमी पडली भाऊजी, म्हणून काढलं," म्हणाली, आणि माझ्याकडे बघेना. मास्तरांच्या फोनातही जागा कमी पडली होती. केमिलेंबेच्याही. अख्ख्या कॉयरची जागा एकाच सुमारास कमी पडावी, हे आश्चर्यच. ॲप काढलं की आतलं सगळं पुसलं जातं म्हणे. केमिलेंबेनं ते परत घेऊन पाहिलं, तर आत ग्रुप रिकामा.

२३ सप्टेंबर

आज धीर करून तिचा नंबर लावला. माझ्या बटणांच्या फोनवरून. रिंग वाजली.

"हॅलो," एक पुरुष म्हणाला.

"डोमिटिला आहे का?" तोंडातून निघून गेलं.

"अहो बाबा, वर्ष होऊन गेलं, सगळे तिलाच विचारतात! नंबर आता माझा आहे. मी मकामे. समुद्राकाठी टांगा शहरात ऑक्टोपस विकतो. तुमच्या बाईंना लोक फार मानत असावेत. गेल्या नाताळात मला निरोप आला, 'बायकांनी पांढरे बूट घालून यावे.'"

मी माझं काम सांगितलं. माणूस भला निघाला. "आकडा आलाय की! मला वाटलं कुणी लुबाडतंय. लिहून घ्या." मी लिहून घेतला, टाकला, दार किलकिलं झालं. मग पाटी आली, 'आता आपला चेहरा दाखवा. डावीकडे वळा. हसा.'

मी वळलो. हसलोही. 'आपण डोमिटिला वाटत नाही,' असं आलं.

नंतर केमिलेंबे म्हणाली, "बघा काका. तुमचं सिम एका कंपनीचं, त्याचं दुसरीचं. तो समुद्राकाठी, तुम्ही तळ्याकाठी. ओळख ना पाळख, तरी एका मिनिटात बोललात. आणि स्वतःच्या बायकोचा आवाज ऐकायला तुम्हाला हसून दाखवावं लागतंय." मी तिच्यावर ओरडलो. ती बरोबर बोलते तेव्हा फार राग येतो.

१० ऑक्टोबर

किबाराझाच्या मदत विभागाशी माझा रोज पत्रव्यवहार चालू आहे. केमिलेंबेच्या फोनवरून लिहितो. तिकडे माणूस नाही, यंत्र आहे, पण लिहिण्याची पद्धत अदबशीर. उत्तर सगळं डोमिटिलाच्या नावानं येतं.

मी लिहिलं, ती वारली आहे, मी नवरा. उत्तर आलं, 'प्रिय डोमिटिला, हे ऐकून वाईट वाटले. आपण आपणच आहात हे कृपया सिद्ध करा.' मी मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आलं, 'प्रिय डोमिटिला, या छायाचित्रात आपला चेहरा दिसत नाही.' मी विचारलं, ग्रुप जाऊ द्या, एक मेसेज तेवढा काढून देता येईल का, त्यात कोंबडी आहे. उत्तर आलं, 'पाळीव प्राण्यांसाठी आमचे नवे स्टिकर पाहिलेत का?'

शेवटी संभाषण संपवून त्यांनी विचारलं, आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. मी एक दिला. मग वाटलं, बिचाऱ्याचा रोज इतका वेळ घेतला, म्हणून आणखी एक दिला.

१९ ऑक्टोबर

मकामेचा फोन आला. म्हणाला, "बाबा, तुमच्या बाईंच्या नावानं आज एक निरोप आलाय, वाचून दाखवू का? 'डोमिटिला, तुम्ही बरेच दिवस आला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते.'"

त्याच्या मागं समुद्राचा आवाज येत होता.

"बाबा? ऐकताय ना?"

"मलाही येते," मी म्हणालो आणि रडलो. ऑक्टोपस विकणाऱ्या अनोळखी माणसापुढे, फोनवर, मी रडलो. लाज वाटली नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं, अंगण, चटई, टाळ्या, कोंबडीसुद्धा. त्यानं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ऐकून घेतलं.

संध्याकाळी केमिलेंबेला बोलावून म्हणालो, "शिस्त वगैरे काही नव्हतं ग. मला तिचा आवाज हवा होता. ग्रुप सोडला तर ती एकटी राहील, असं वाटायचं. आणि तू लिहून ठेवते म्हणालीस तेव्हा मी नाही म्हणालो. मूर्ख आहे तुझा काका."

ती म्हणाली, "आहेच." आणि जवळ येऊन बसली. आम्ही बराच वेळ बियांतले खडे निवडत राहिलो.

२ नोव्हेंबर

आज सर्व मृतांचा दिवस. डोमिटिलाच्या कबरीवर फुलं ठेवली. परतताना मास्तर, गौडेन्सिया आणि केमिलेंबे वाटेत उभे. मास्तरांनी घसा साफ केला आणि कॉयरच्या नव्या ग्रुपात याल का, असं विचारलं.

मी विचारलं, ॲडमिन कोण? तर म्हणे, कुणीही, बदलता येतो. ॲप कुठलं? तर एकच असं नाही. चार-पाच निघालीत, ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यावं, सगळी एकमेकांशी बोलतात. जे टाकाल ते काढूनही नेता येतं. उद्या दुकान आवडलं नाही तर सामान उचलून दुसरीकडे.

"म्हणजे पोस्टच की हे!" मी म्हणालो. "हे मी आयुष्यभर करत आलो. कुणाचंही पत्र, कुणाच्याही पेटीतून, कुणाच्याही दारी. तुम्हाला आज कळतंय?"

"हो काका," केमिलेंबे म्हणाली. "आज कळलं."

गौडेन्सियानं पिशवीतून हिरवा रुमाल काढून माझ्या गळ्यात घातला. तो व्यवस्थित इस्त्री करून, घडीच्या खुणा पडेपर्यंत ठेवलेला होता.

३ नोव्हेंबर

केमिलेंबेनं तिचा जुना फोन मला दिला. नव्या ग्रुपात गेलो. ग्रुप नवा म्हणतात, पण आत वर वर सरकवत गेलो तर ईस्टरपासूनचे निरोप दिसतात. बोकड, पाला, आणि 'सराव पाचला, हिरवे रुमाल आणा.' तारखांमध्ये यंत्राची काहीतरी चूक झालेली दिसते. केमिलेंबेला सांगितलं. ती म्हणाली, बघते.

१४ नोव्हेंबर

खायच्या टोळांचा हंगाम जोरात. सरावाला प्रत्येकाच्या हातात तळलेले टोळ, त्यामुळे खालचे आवाज चावत चावत गातात. मी ग्रुपवर लिहिलं, सरावात खाणाऱ्यांची गय केली जाणार नाही. खाली लगेच एकवीस जणांनी हसरे चेहरे टाकले आणि कुणीतरी दातदुखीचा पाला. पूर्वी मला संताप आला असता. आज मी पाला कुठला ते नीट वाचलं.

घरी मात्र संध्याकाळ जात नाही. बिया आत घेतो आणि हात खिशाकडे जातो. चाल मनात म्हणून पाहतो. स्वर आठवतात, आवाज आठवत नाही. त्याची भीती वाटते. कोंबडीवर ओरडतानाचा तिचा सूर वर होता की खाली?

२२ नोव्हेंबर

सेसिलियाचा सण.

आम्ही बरं गायलो. आमच्यानंतर बेटावरचं कॉयर. सगळी कोळ्यांची माणसं, सकाळच्या बोटीनं आलेली. त्यांनी गाणं जाहीर केलं, तर आमच्या मास्तरांचं आभाराचं गाणं! मास्तर उठून उभे राहिले. "यांच्याकडे कसं गेलं? मी कुणाला दिलं नाही!" मी गौडेन्सियाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

वरच्या आवाजाच्या बायका पुढं आल्या. 'तुझे उपकार मोजता मोजता' इथपर्यंत आल्या, थांबल्या, सगळ्यांनी मिळून दोन टाळ्या वाजवल्या, उजवा हात झाडून एका आवाजात म्हणाल्या, "हुऽश! हो तिकडं, मेले!" आणि श्वासही न घेता, 'दिवस माझा मावळला'.

आमचं अख्खं कॉयर हसत सुटलं. मास्तरांनी तोंडात रुमाल कोंबला. केमिलेंबे बाकाखाली गेली. मी मात्र उभा राहिलो. सूर वर होता. 'हुऽश' वरून सुरू होऊन 'मेले' वर खाली येतो, अगदी तसाच. चर्चभर डोमिटिला कोंबडी हाकलत होती.

परीक्षक फादरांनी त्यांना पहिला नंबर दिला. म्हणाले, "सैतानाला इतक्या घरगुती शब्दांत हाकललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं."

बाहेर गौडेन्सियानं कबूल केलं. "माझी बहीण बेटावर दिलीय ना भाऊजी. तिनं गाणं मागितलं. किबाराझा बाहेर पाठवू देईना, म्हणून बोटीच्या धक्क्यावर दोन फोन तोंडाला तोंड लावून धरले. बेटावरच्या पोरींना म्हटलं, जसं आहे तसं शिका. इतकं जसंच्या तसं शिकतील असं वाटलं नव्हतं. पुढं बहिणीनं फोन बदलला, मूळ आवाज गेला, मग तुम्हाला सांगायची छाती झाली नाही."

मी रागावलो नाही. मी तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मग बेटावरच्या प्रमुख बाईकडे गेलो. तिला वाटलं मी चोरीची तक्रार करणार. घाबरून म्हणाली, "बाबा, टाळ्यांच्या जागी आमचं काही चुकलं का? त्याचाच सराव सगळ्यात जास्त केला होता."

"उत्तम गायलात," मी म्हणालो. "फक्त दुसरी टाळी पहिलीपेक्षा जोरात हवी. पहिल्या टाळीला ती हलत नाही."

"कोण हलत नाही?"

"सैतान," मी म्हणालो.

त्यांनी गाण्याचं रेकॉर्डिंग केलं होतं. मी मागितलं, तर बाई म्हणाली, "घ्या की, विचारता काय!" त्यांचं ॲप वेगळंच होतं, पण आलं. केमिलेंबेच्या हातात तोवर पेन्सिल आली होती, ती डो-रे-मी उतरवून घेत होती, टाळ्यांसकट.

२३ नोव्हेंबर

सकाळी बिया चटईवर पसरल्या आणि गाणं लावलं. चार वेळा.

मग ते डोमिटिलाच्या नंबरवर पाठवलं. मकामेकडे भलतंच कुठलंसं ॲप आहे, तरी पोचलं. दुपारी त्याचं उत्तर आलं, 'ऐकलं बाबा. बाजारातल्या सगळ्यांना ऐकवलं. मग कोंबडी गेली का शेवटी?'

ती कोंबडी आम्ही दोघांनी डोमिटिलाच्या शेवटच्या ईस्टरला खाल्ली. मी फोनवर एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'नाही. अजून इथंच आहे.'